डिफॉल्टर लिस्टमधलं एक नाव

प्रश्न : नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कंत्राटी तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. त्या राहायला ठाण्यात आहेत, रोज ट्रान्स-हार्बरने ये-जा करतात. मेंटॉर योजनेत त्यांच्याकडे वीस विद्यार्थी सोपवलेले आहेत. त्यातला एक तिसऱ्या वर्षाचा मुलगा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहतो, वडील एपीएमसीच्या घाऊक मार्केटमध्ये माल वाहायच्या कामाला. दोन केटी आहेत, म्हणजे दोन विषय राहिलेत, लेक्चरला येणं जवळपास थांबलंय आणि नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत, लागलंय. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, “मॅडम, प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घ्या. पुढच्या सेमला मी नसेन.” कॉलेज सोडतोयस का, असं विचारल्यावर हसला, “तसंच समजा” म्हणाला, आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल करवून निघून गेला. प्राध्यापिकेने न राहवून, नाव न घेता विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “आजकालची पोरं नाटकं करतात. आणि हे लेखीबिखी काही देऊ नका, उद्या काही झालं तर आपल्याच गळ्यात येईल.” त्या विचारतात : आत्महत्येचा विचार येतो का, असं थेट विचारलं तर नसलेला विचार मीच त्याच्या डोक्यात घालेन का? शब्द मोडला तर तो विश्वासघात नाही का? घरी कळलं तर वडील शिक्षण बंद करून त्याला गावी धाडतील, मग? आणि मी ना समुपदेशक, ना कायम नोकरीतली. मी यात पडावं का?

उत्तर :

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, कारण अशा गोष्टीला पुढच्या अंकापर्यंत थांबता येत नाही. तेव्हा एवढंच सांगितलं होतं की उद्या त्याला गाठा आणि विचारा. का आणि कसं, ते आता सविस्तर लिहितोय. तुमच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने, कारण तुमच्या जागी असलेले शिक्षक ठाणे-नवी मुंबईत शेकड्याने असतील.

आधी ती भीती. विचारलं तर विचार पेरला जाईल, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. तसं होत नाही. या प्रश्नावर बरेच अभ्यास झाले आहेत आणि थेट विचारल्याने धोका वाढतो असं त्यांत दिसलेलं नाही. ज्याच्या मनात हे चाललेलं असतं, त्याला कुणीतरी ते मोकळेपणी बोललं याचाच अनेकदा आधार वाटतो. मात्र आपल्याकडची विचारायची रीत बघा. “काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” या प्रश्नातच उत्तर भरून ठेवलेलं आहे. समोरचा “नाही हो मॅडम” म्हणतो, आपण हुश्श करतो, आणि त्याला कळून चुकतं की हिला खरं ऐकायचं नाहीये.

तुम्ही असं म्हणा : “त्या दिवशी तू म्हणालास, पुढच्या सेमला नसेन. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. जगूच नये असं वाटतंय का तुला? जीव द्यायचा विचार येतो का?” हे घरी एकदा-दोनदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळते, आणि ती त्याच्यासमोर अडखळण्यापेक्षा घरी अडखळलेली बरी. जागा स्टाफरूम नको, कँटीन नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. रिकामी लॅब चालेल, दार उघडं ठेवून, पण बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर बसून. पुढच्या लेक्चरला पळायचं नसेल अशी वेळ निवडा. घड्याळाकडे बघत विचारलेल्या प्रश्नाला कोण उत्तर देतं?

“हो” आलं, तर लगेच काही समजवायला जाऊ नका. “आईवडिलांचा विचार केलास का?” हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडावर असतं, आणि ते नेमकं उलटं पडू शकतं. तो बहुधा त्यांचाच विचार करत असतो, आपण त्यांच्यावर ओझं झालो आहोत, असा. “याहून वाईट परिस्थितीतली मुलं शिकतात” हेही नको. त्याला बोलू द्या. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. मग एवढं विचारा, की कसं, कधी, असं काही ठरवलंय का, त्यासाठी काही जवळ ठेवलंय का. घाई किती आहे ते कळण्यासाठी हे विचारायचं, त्यापलीकडच्या तपशिलात शिरायचं नाही. ठरवलेलं असेल किंवा तुम्हाला नुसती शंका जरी आली, तरी त्याला एकट्याला सोडू नका. तिथेच बसून १४४१६ लावा आणि फोन स्पीकरवर टाका. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. परिस्थिती हातघाईची वाटली तर ११२ किंवा १०८. घरचं कुणीतरी येऊन त्याला सोबत घेऊन जाईपर्यंत किंवा रुग्णालयात पोहोचेपर्यंत तुम्ही किंवा तुमचा एखादा सहकारी तिथे हवा. आणि ज्या गोष्टीने तो स्वतःला इजा करू शकेल, ती काही दिवस त्याच्या हाताला लागणार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. मरून जावं ही ऊर्मी अनेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत साधन दूर असणं आणि माणूस जवळ असणं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

“नाही” आलं तर? तर मान्य करा, पण विषय मिटवू नका. “बरं. पण तू त्रासात दिसतोयस, आणि बुधवारी साडेबाराला मी पुन्हा इथेच भेटणार आहे,” असं म्हणा आणि बुधवारी साडेबाराला तिथे असा. आणि प्रोजेक्ट ग्रुपमधून त्याचं नाव काढू नका. त्याने मागितलं तरी.

आता शब्दाचं. तुम्ही लिहिलंय, “मी त्याला कबूल करून बसले, आता अडकले.” मला वाटतं, त्याने काय केलं ते तुम्ही पुरतं पाहिलेलं नाही. ज्याला खरोखर कुणालाच कळू द्यायचं नसतं, तो प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबून मेंटॉरशी बोलत नाही. त्याने सांगितलं, आणि सांगितल्याची भीती वाटली म्हणून तोंड बंद ठेवायला सांगितलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्हींचा मान ठेवता येतो. जिवाशी खेळ असेल तिथे गुप्ततेचं वचन पाळायचं नसतं. समुपदेशकही पाळत नाहीत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क देतानाही जिवाला धोका असेल तर अपवाद ठेवलेला आहे. पण त्याच्या पाठीमागे जाऊन सांगणं वेगळं आणि त्याच्यासमोर सांगणं वेगळं. “हे मी माझ्यापाशीच ठेवू शकत नाही, ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुणाला आधी सांगायचं, काय सांगायचं, तेव्हा तू खोलीत असशील की नाही, हे आपण दोघांनी ठरवू.” एवढं म्हटलं तर राग येईल, कदाचित चार दिवस तोंडही दाखवणार नाही. तो राग परवडतो.

घराबद्दल तुम्ही जे गृहीत धरलंय, त्यावर थोडं थांबतो. वडिलांना कळलं की शिक्षण बंद, गावी रवानगी, असं तुम्ही लिहिता. हे तो म्हणाला, की तुम्हीच धरून चाललात? साताऱ्यातल्या जावळी-पाटणकडून येऊन पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाने पोराला इंजिनिअरिंगला घातलं, तर त्याला चिडण्यापलीकडे काही येतच नाही, असं आपण शिकलेले लोक फार पटकन ठरवतो. चिडेलही. घाबरलेला बाप चिडतोच. म्हणून त्या फोनची सुरुवात फार महत्त्वाची. आपल्याकडे कॉलेजातून घरी फोन आला म्हणजे तक्रार, हे पक्कं बसलंय. तेव्हा पहिलं वाक्य असं असू द्या : “काका, तक्रारीचा फोन नाही. मार्कांचाही नाही. तुमच्या मुलाची तब्येत मला बरी वाटत नाही, तुम्ही आणि मी मिळून काहीतरी करू या.” मार्केटच्या कामाच्या वेळेत फोन लावू नका. भर गाळ्यावर, चार माणसांत, त्यांनी हे ऐकावं असं तुम्हालाही वाटणार नाही. त्याआधी मुलालाच विचारा, घरात आधी कुणाला सांगितलेलं चालेल? अनेकदा उत्तर वडील नसतंच, मोठी बहीण असते, मामा असतो, मुंबईत नोकरीला लागलेला चुलतभाऊ असतो. आणि हेही विचारा, की घरातच मारहाण किंवा तसलं काही आहे का? असेल तर घरी फोन करण्याआधी समुपदेशकाशी बोलून वाट ठरवावी लागेल. “पालकांना कळवा” हा नियम डोळे मिटून पाळायचा नसतो.

काही दिवस गावी जाणं वाईटच, असंही मी म्हणणार नाही. आजीजवळ झोप लागत असेल तर लागू दे. पण डॉक्टरची पुढची तारीख ठरलेली असावी, सोबत कुणीतरी असावं, आणि परत यायचा दिवस त्याला माहीत असावा. हवापालट म्हणजे उपचार नव्हे.

आता तुमचे विभागप्रमुख. त्यांच्यावर मी फार चिडणार नाही, कारण ते बोलले ते भीतीपोटी, आणि ही भीती जुन्या काळातून आलेली आहे. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. म्हणजे मुलाचं नाव सांगितल्याने त्याच्यामागे पोलीस लागतील, ही धास्ती आता काढून टाकायला हवी.

दुसरं, २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा धोक्याची चिन्हं ओळखण्याचं आणि मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यायचं. टेली-मानससारखे हेल्पलाइनचे नंबर वर्गात आणि वसतिगृहात ठळक अक्षरांत लावायचे. तुमच्या मजल्यावर तो नंबर कुठे दिसतो का, बघा. नसेल तर हे विभागप्रमुखांकडे जायला चांगलं निमित्त आहे. भांडायला नाही, नंबर लावायला.

त्यामुळे “लेखी देऊ नका” हा सल्ला तुमच्या आणि त्यांच्याही हिताचा नाही. लेखी द्याच, फक्त काय लिहायचं ते नीट ठरवा. तारीख, त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय केलं, कुणाला कळवलं. “डिप्रेशन आहे” असलं निदान लिहू नका, ते आपलं काम नाही. आणि हे मेंटॉरच्या वहीत मुळीच नको. ती वही नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी भरली जाते आणि कुणीही उघडून बघतं. बंद पाकिटात, समुपदेशक आणि प्राचार्य यांच्या नावाने द्या, पोच घ्या. तुम्ही कंत्राटी आहात म्हणून जपून राहायला हवं हे खरं, आणि म्हणूनच कागद हवा. तोंडी बोललेलं नंतर कुणालाच आठवत नसतं.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट मात्र विभागप्रमुखांचं बोलणं नाही. नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलंय, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पार्श्वभूमी म्हणून. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

बघा ना. मुंबई विद्यापीठाच्या नियमाने ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून प्रत्येक कॉलेज दर महिन्याला काटेकोरपणे मोजतं की कोण येत नाही. एखादा मुलगा मित्रांपासून तुटतोय, रात्री झोपत नाहीये, सकाळी उठायचं बळ नाहीये, याची कॉलेजच्या हातात पडणारी पहिली खूण म्हणजे ही यादी. हॉस्टेल असतं तर रूममेटने पाहिलं असतं. ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी मुलं घरून येतात, लोकलने जातात, वर्गात दिसली तरच दिसतात. म्हणजे ज्या मुलाबद्दल तुम्ही आता रात्र रात्र जागताय, त्याचं नाव कॉलेजला आधीच ठाऊक होतं. त्यांनी ते काय केलं? नोटीस बोर्डवर लावलं. सगळ्या वर्गाने वाचलं. पालकांना मेसेज गेला असेल, “आपल्या पाल्याची हजेरी कमी असल्याने परीक्षेस बसू दिले जाणार नाही.” जो आधीच स्वतःला नापास समजतोय, त्याच्यावर संस्थेचा शिक्का.

केटी लागल्या म्हणून हे झालं, असं मी म्हणत नाही. त्याला मी ओळखत नाही, आणि माणूस एका कारणाने या टोकाला येत नसतो. दोन केटी असलेली कितीतरी मुलं मजेत वडापाव खात फिरत असतात. पण आर्थिक ताण, झोप, एखादं तुटलेलं नातं, जातीवरून झालेला अपमान, नैराश्याचा आजार, यांतलं काहीही असलं तरी ते बाहेर दिसताना हजेरीतून दिसतं. सगळेच गैरहजर दुःखी नसतात, हे मान्य. काही कोचिंगला जातात, काही डिलिव्हरीची कामं करतात, काही सरळ झोपा काढतात. म्हणून तर विचारायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत जास्त. त्यांतली किती नावं आधी कुठल्या ना कुठल्या यादीत लागली होती, हे मोजायची सोय आपण केलेली नाही.

त्याच्यासाठी आत्ता करण्यासारखं असं : परीक्षा विभागात त्याच्यासोबत जा आणि नेमकं विचारून घ्या, की किती विषय सुटले तर पुढच्या वर्षाला बसता येतं, केटीचा फॉर्म कधी भरायचा, हजेरीत सवलत मिळते का. खऱ्या कारणासाठी सवलत देण्याचा अधिकार प्राचार्यांना असतो आणि आजारपण हे त्यातलं कारण आहे. मनाचा आजारही आजारच, डॉक्टरांचं पत्र मिळालं की तो मुद्दा मांडता येतो. ही मुलं अनेकदा “आता सगळं संपलं” असं समजून बसलेली असतात आणि नियम वाचले तर एक सेमिस्टर मागे पडणार असतं, एवढंच. पण यातून त्याचं मन बरं होईल असं समजू नका. दगड थोडा हलका होईल, उपचार वेगळे लागतील.

ते कुठे? तुमच्या कॉलेजचा समुपदेशक ऑफिसच्या शेजारच्या खोलीत बसतो आणि येणारा-जाणारा सगळ्यांना दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. मग बाहेर. नेरूळ, कामोठे इथे मेडिकल कॉलेजं आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. आणि आपलं ठाण्याचं मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. त्याच्या नावाने अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, “याला ठाण्याला पाठवा” म्हणून. आपण ठाणेकरही त्यावर हसलो. त्या हसण्याची किंमत आज ओपीडीच्या दारातून परत फिरणारी मुलं मोजतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, केस पेपर काढून दाखवता येतं, आत ठेवून घेतीलच असं काही नाही. मुलाला पत्ता देऊन मोकळे होऊ नका. पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जायला हवं. बहीण गेली तर उत्तम.

विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. शिक्षकांच्या आधी तुम्हाला कळतं. कुणी अचानक ग्रुप सोडतो, आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, जगण्यामरण्यावरून सारखे विनोद करतो, किंवा खूप दिवस कोलमडलेला असताना एकाएकी शांत दिसू लागतो. वर लिहिलेला थेट प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्याने मैत्रीची शपथ घातली तरी एका मोठ्या माणसाला सांगाच. रात्री दोन वाजता एकट्याने मित्राला सांभाळत बसू नका, १४४१६ तेव्हाही चालू असतो, आणि “माझा मित्र असं म्हणतोय, मी काय करू?” असं विचारायलाही तो लावता येतो. आणि हे वाचताना मित्राचं नाही, स्वतःचंच वाटलं असेल, तर नंबर तोच.

तुमच्याबद्दल, मॅडम. “मी कोण?” असं तुम्ही विचारलंत. ज्याच्याशी तो बोलला, ती व्यक्ती तुम्ही आहात. डॉक्टर व्हायची गरज नाही. पण त्याच्या आणि जगाच्या मधला एकमेव माणूसही होऊ नका. रात्री अकराला मेसेज आला आणि तुम्ही ऐरोलीच्या पुढे लोकलमध्ये रेंज नसताना अडकला असाल, तर? म्हणून त्याच्याकडे तीन नंबर असू द्यात : तुमचा, घरातल्या एका माणसाचा, आणि १४४१६. तुमच्या विभागातल्या आणखी एका विश्वासू सहकाऱ्याला, त्या मुलाला सांगूनच, यात घ्या. तरुण प्राध्यापिका आणि विद्यार्थी म्हटल्यावर कुजबुजणारे असतातच, त्यांनाही त्याने परस्पर उत्तर मिळतं. एवढं सगळं करूनही प्रत्येक गोष्ट आपल्या हातात नसते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर ते ऐकू येत नाही.

आणि पुढच्या महिन्याची यादी लागायच्या आत विभागाच्या मीटिंगमध्ये एवढं मांडून बघा : नाव बोर्डवर जाण्याआधी मेंटॉरने त्या मुलाला एकदा भेटायचं आणि पालकांच्या मेसेजचं पहिलं वाक्य बदलायचं. “आपला मुलगा काही दिवस वर्गात दिसला नाही. त्याची तब्येत कशी आहे, हे जाणून घ्यायचं होतं. कृपया या नंबरवर फोन करा.” ७५ टक्क्यांचा नियम त्याखाली लिहा, हवा तर. याला पैसे लागत नाहीत, विद्यापीठाची परवानगी लागत नाही, आणि मसुदा तयार असला की विभागप्रमुखांना नाही म्हणणं जरा अवघड जातं.